नवरा-नवरीचा कोपरा

बायकोच्या तेरवीचं लाइव्ह मी स्वतः केलं. लोकांनी नावं ठेवली. "बायको मेली अन् बुढा कॅमेऱ्यामांगं उभा हाये," असं पंगतीत दोघं-तिघं बोलले, मला ऐकू येईल एवढ्यानं बोलले. बोलोत. पांढरी टोपी घालून, मान खाली घालून पुढं बसणं कोणालाही जमतं. लाइव्ह कोणालाही जमत नाही. मलाही अर्धंच जमतं, हे त्या दिवशी कळलं.

केलं ते पोरीसाठी. एकच पोरगी आहे, पुण्यात असते. तिला आठवा महिना होता अन् डॉक्टरनं पलंगावरून उतरायचीसुद्धा मनाई केली होती. माय गेली तेव्हा तिला येता आलं नाही. तेरवीच्या चार दिवस आधी तिचा फोन आला. रडली नाही. अशा वेळी तिचा आवाज मायसारखाच कोरडा होतो.

"बाबा, तेरवीचं लाइव्ह करा."

"करतो."

"महाराज नका दाखवू मले. म्हणजे दाखवा, पण कोपऱ्यात आईचा फोटो ठेवा. मोठा. पह्यल्यापासून शेवटपर्यंत ठेवा. मले माह्या आईले पाह्याचं हाये."

एवढंच मागितलं. ते का मागितलं हेही मला ठाऊक होतं. शेवटचे दोन महिने तिनं मायचं तोंड नीट पाहिलंच नव्हतं. व्हिडिओ कॉल आला की ही खिडकीकडं पाठ करून बसायची. मागून उजेड आला की तोंड काळं पडतं, हे तिला माझ्याइतकंच कळत होतं. पोरगी म्हणायची, "आई, तू नुस्ती काळी दिसून राह्यली वं." ही म्हणायची, "उजेड मांगं हाये बाई, काय करू." अन् खिडकी सोडून इंचभर हलायची नाही. पोटुशी पोरीनं आपलं आजारी तोंड पाहू नये, असं तिच्या मनात. मलाही तिनं तंबी दिली होती, पोरीला काही सांगायचं नाही म्हणून. मी सांगितलं नाही.

आमचा स्टुडिओ अकोटात, एस.टी. स्टँडपासून चालत पाच मिनिटांवर. मी चौथीपर्यंत शिकलो, तेही धड नाही. अकोल्याला एका फोटोवाल्याच्या अंधाऱ्या खोलीत फोटो धुता धुता धंदा शिकलो. ती पातूरची, दहावी पास. आमच्या लग्नात सासऱ्यानं ही गोष्ट माझ्या देखत चार जणांना सांगितली होती. रोल गेले, कॅसेटी गेल्या अन् कॉम्प्युटर आला, तेव्हा मी हात टेकले. मग तीच शिकली. पोरगी माझ्यापाशी ठेवून आठवड्यातून तीन दिवस एस.टी.नं अमरावतीला क्लासला जायची. तिकडं कॉलेजच्या पोरींमधे ही एकटी बाई लुगड्यातली. तेव्हापासून कॅमेरा माझा अन् कॉम्प्युटर तिचा, अशी वाटणी झाली अन् ती शेवटपर्यंत चालली.

लोक लग्नाचं लाइव्ह मागायला लागले, तेव्हा मांडवाच्या एका कडेला टेबल टाकून, लॅपटॉप घेऊन ती बसायची. कॅमेऱ्यातून जे येतं ते माझं. त्याच्यावर जे दिसतं, खालची नावांची पट्टी, फुलं, कोपऱ्यातले नवरा-नवरी, ते सगळं तिचं. आमचा नवरा-नवरीचा कोपरा तालुक्यात नावाजलेला होता. लग्नाच्या आठ दिवस आधी दोघांना स्टुडिओत बोलवायचं, हिरव्या पडद्यासमोर उभं करायचं अन् फोटो काढायचा. मग कॉम्प्युटर तो हिरवा पडदा पुसून टाकतो. कात्रीनं कापल्यासारखे दोघं स्क्रीनच्या उजव्या कोपऱ्यात उभे राहतात अन् त्यांच्या मागं खरा मांडव दिसतो.

हिरवं पुसणाऱ्या त्या करामतीला इंग्रजीत काहीतरी नाव आहे. आमच्या घरात तिचं नाव बकरी. ते बायकोनंच ठेवलं. "हिरवं खाते अन् बाकीचं सोडते, मंग बकरीच झाली ना ते." लग्नाला निघताना मी विचारायचो, "बकरी बांधली का वं?" ती म्हणायची, "तिच्या जागी बांधेलच हाये. तुमी तुमचा कॅमेरा पाहा."

फोटोला येणाऱ्यांना ती फोनवर बजावायची की हिरवं काही घालून येऊ नका. एकदा एक नवरी हिरवा चुडा भरूनच आली. भरलेला चुडा काढा कसं म्हणणार? स्क्रीनवर पाहिलं तर तिचे पंजे एकीकडं अन् कोपरं एकीकडं, मधून मांडवाचा खांब दिसतो. आम्ही दोघं पोट धरून हसलो. मग दोन दिवस बसून तिनं त्या बांगड्या एकेक करून कॉम्प्युटरवर लाल केल्या. नवरीकडच्यांना पत्ताही लागला नाही.

अन् पडदा लावला की आधी स्टुलावर तीच बसायची. उजेड बरोबर पडतो का हे पाहायला कोणीतरी समोर लागतं. नवरा-नवरी यायच्या आधी मी तिचे चार-पाच फोटो काढायचो, दिवा मागं-पुढं करायचो, रंग जुळवायचो.

"जराशी डावीकडं सरक."

"आता भित्तीत जाऊ काय?"

"हालू नको."

"तुमीच सरक म्हनता, तुमीच हालू नको म्हनता."

असे तिचे फोटो त्या लॅपटॉपमधे किती असतील, देव जाणे. कामाचे फोटो. त्याकडं कोणी पाहायचं नाही. मीसुद्धा तिच्याकडं पाहायचो नाही, उजेडाकडं पाहायचो.

मार्गशीर्षातलं एक लग्न तिनं केलेलं शेवटचं. त्यात मी नवरी निळी करून ठेवली. रंग जुळवताना कॅमेऱ्यात माझं काहीतरी चुकलं अन् नवरीचं तोंड, मान, हात, सगळं निळसर आलं. तिनं ते कॉम्प्युटरवर सुधारलं अन् मला आठ दिवस ऐकवलं. "डोये तपासा बुढ्याचे. गोरी पोरगी आणली अन् यायनं मुडदा काढून देल्ला." मी ऐकून घेतलं. चूक माझीच होती, फक्त ती कशी झाली हे मला कळलं नव्हतं. चाळीस वर्षांत माझ्या हातून रंग असा चुकला नव्हता.

संक्रांतीनंतर ती उठेना. आधी गावातला डॉक्टर, मग अकोला, मग अमरावती. अमरावतीच्या डॉक्टरनं तिचे डोळे ओढून पाहिले अन् मला विचारलं, कावीळ कधीपासून आहे? मी म्हटलं, पंधरा दिवस झाले असतील. "पंधरा दिवसांची नाही ही," म्हणाला. "घरात कोणाच्या लक्षात नाही आलं?" पित्ताच्या नळीत गाठ होती. होळीच्या आधी ती गेली.

तेरवीला फोटो कोणता लावायचा याचा निकाल माझ्या मोठ्या बहिणीनं दिला. तिच्यापुढं आमच्या घरात कोणाचं चालत नाही.

"सवाशीण गेली ते. हिरव्या लुगड्यातला लाव."

"ताई, दुसरा एक चांगला हाये."

"तुले काय समजते त्यातलं? भरल्या कपायानं गेली, हे दिसलं पाह्यजे लोकाईले."

पोरीच्या लग्नातला फोटो होता. हिरवा शालू, कोपरापर्यंत हिरवा चुडा, कपाळभर कुंकू, हात जोडलेले. नवऱ्याच्या आधी गेली हे बायकांना भाग्याचं वाटतं. माझं काय होईल हे कोणी विचारत नाही, पण ते असो. फोटो मी बॅनरवाल्याकडं दिला. त्यानं खाली पट्टी केली, तीही ताईच्या सांगण्यावरून हिरवीच, अन् पट्टीवर पांढऱ्या अक्षरात तिचं नाव. ते नाव मी इथं लिहीत नाही. जन्मभर तिला 'अवं' म्हणूनच हाक मारली, त्यातच भागलं. आता कागदावर कशाला?

लॅपटॉपच्या टेबलावर भिंतीला तिनं माझ्यासाठी एक कागद चिकटवला होता. कधी चिकटवला ते मला आठवत नाही. मोठ्या अक्षरात लिहिलं होतं : जुना फोटो काढा. नव्या फोटोला तेच नाव द्या. त्याच जागी ठेवा. बाकी कशालाच हात लावू नका. मी तसंच केलं. नवरा-नवरीचा फोटो काढला, तिच्या फोटोला तेच नाव दिलं, त्याच जागी ठेवला. बाकी कशालाच हात लावला नाही.

एरवी आदल्या दिवशी सगळं लावून पाहायचा आमचा नेम. स्टूल मांडायचं, ती बसायची. त्या वेळी मी पाहिलं नाही. स्टुलावर बसवू कोणाला? फोटो तेवढा उघडून पाहिला, चांगला दिसला, बंद केला.

तेरवीच्या दिवशी अकरा वाजताच ऊन लागून राहिलं होतं. घरासमोर मांडव घातला तो चाचानं. चाचा म्हणजे आमच्या गावचा मंडपवाला. त्याचा मांडव अन् माझा कॅमेरा अशी तीस वर्षांची आमची जोडी. लग्नात तो रंगीत झालरी लावतो. तेरवीला चारी बाजूंनी पांढरं कापड लावलं, महाराजांच्या गादीमागंही पांढरं. लाइव्ह बाहेर कसं दिसतं हे मोबाइलवर पाहायला कोणीतरी लागतं. चाचा टेबलाजवळ खुर्ची घेऊन बसला.

"भाऊ, तुम तुम्हारा काम करो. मोबाइल मै देखता."

महाराजांनी प्रवचन सुरू केलं अन् मी लाइव्ह सुरू केलं. महाराज दिसले, त्यांच्या शेजारी हारात झाकलेली तिची तसबीर दिसली, पुढच्या रांगेतल्या टोप्या दिसल्या. उजवा कोपरा कोरा.

"भाऊ, भाभी नै आयी," चाचा म्हणाला.

मी आधी केबल हलवली. काहीही बिघडलं तर मी केबल हलवतो, जुनी सवय. काही झालं नाही. मग लॅपटॉप बंद करून पुन्हा सुरू केला. त्यात पाच मिनिटं गेली अन् तेवढ्यात पोरीचा फोन.

"बाबा, बंद पडलं."

"सुरू करून राह्यलो."

"आईचा फोटो कुठी हाये? मघापासून पाहून राह्यले मी. नुस्ते महाराजच हायेत."

"येते. थांब जराशी."

फोन स्पीकरवर टाकून खिशात तसाच ठेवला, बंद केला नाही. लाइव्ह पुन्हा चालू केलं. कोपरा कोराच. मग मी चष्मा पुसून ती बाजूची यादी पाहिली. इंग्रजी मला वाचता येत नाही, पण प्रत्येक ओळीपुढं डोळ्याची खूण असते, हे तिनं शिकवलं होतं. डोळा उघडा असला तर ती गोष्ट दिसते, मिटलेला असला तर दिसत नाही. नवरा-नवरीच्या ओळीपुढचा डोळा मिटलेला होता. मार्गशीर्षातल्या त्या लग्नात वरात निघाली तेव्हा तिनंच तो मिटला असेल. त्यानंतर त्याला कोणी हात लावला नव्हता.

मी तो उघडला.

लॅपटॉपवर मला नीट दिसायच्या आधी चाचाला मोबाइलवर दिसलं. त्यानं मोबाइल मांडीवर पालथा ठेवला.

"मत देखो भाऊ."

मी पाहिलं. कोपऱ्यात तिचं डोकं होतं. कुंकू होतं, नथ होती. मानेखाली काही नव्हतं. जिथं पोट असायला पाहिजे तिथून मांडवाचं पांढरं कापड अन् माइकचा दांडा दिसत होता. त्यापुढं जोडलेले दोन पंजे नुसतेच लटकलेले. खालची पट्टी नव्हती. नाव असेल तर ते पांढऱ्यावर पांढरं, दिसायचं कसं? महाराज तिकडं देह कसा नाशवंत आहे ते समजावून सांगत होते. मनात आलं, थांबा महाराज, मी दाखवूनच राहिलो सगळ्यांना.

खिशातून पोरीचा आवाज आला.

"बाबा. आईले काय केलं तुमी?"

तिचा श्वास मला ऐकू येत होता. मागून जावई म्हणत होता, बंद कर ते, पाहू नको. ती त्याला म्हणाली, "मी बंद नाई करत." मग मला म्हणाली, "काढा ते बाबा. नीट करून पुन्हा टाका. मी इथंच हावो."

मी डोळा मिटला. कोपरा कोरा झाला.

आता खरी घाई होती. महाराज बारापर्यंत बोलणार, मग दोन मिनिटं उभं राहायचं, मग पंगत. पंगत बसली की सगळं संपलं. तेवढ्यात ती दिसायला पाहिजे होती. मी फोटो उघडून पाहिला. फोटो चांगला, शालू चांगला, नाव चांगलं. पुन्हा ठेवला, डोळा उघडला. तेच. डोकं अन् पंजे. झटकन मिटला. फोटो खराब झाला म्हणावं तर तो खराब नव्हता. लॅपटॉप बिघडला म्हणावं तर महाराज नीट दिसत होते. भिंतीवरचा कागद पाठ होता. तो मी मनात पुन्हा पुन्हा म्हणून पाहत होतो, कुठं चुकलो ते सापडत नव्हतं. चाचाच्या मोबाइलवरून बॅनरवाल्याला फोन लावला. तो अकोल्याला गेलेला, उचलेना. घामानं माउस हातातून सटकत होता.

चाचा खुर्ची सरकवून जवळ आला अन् हळूच म्हणाला, "भाऊ, एक बात बोलूं? चेहरा है. हाथ हैं. खाली साडी गयी. चूडियाँ गयी. कायको?"

कायको म्हटल्याबरोबर मला ती नवरी दिसली. पंजे एकीकडं, कोपरं एकीकडं अन् मधे मांडवाचा खांब.

बकरी तिच्या जागी बांधेलच होती. कित्येक वर्षांपासून त्याच कोपऱ्यात बांधलेली. गावोगावच्या लोकांना हिरवं घालून येऊ नका म्हणून आम्ही बजावलं अन् शेवटी मीच हिरवा शालू, हिरवा चुडा अन् हिरवी पट्टी आणून तिच्यासमोर टाकली. ताईनं भाग्य म्हणून जे जे निवडलं, ते ते बकरीनं खाल्लं. कागद लिहिताना बायकोच्या मनात हे आलं नसेल, की एक दिवस त्या जागी आपल्यालाच ठेवतील.

बकरी सोडायची कशी, हे मला येत नव्हतं. ती बांधायची तेव्हा मी नेहमी कॅमेऱ्याकडं असायचो. दोन-तीन ठिकाणी दाबून पाहिलं, सगळं इंग्रजी, एकदा तर महाराजही गायब झाले. चाचा म्हणाला, "रहने दो, जो है वो भी जाएगा." खरं होतं. मग एकच रस्ता उरला. ज्यात हिरवं नाही असा तिचा फोटो पाहिजे होता. घरातल्या भिंतीवर दोन होते, एकात ती हिरव्या पातळात, दुसऱ्यात हिरव्या चोळीत. माझ्या मोबाइलमधे तिचा फोटोच नाही. जन्मभर गावाचे फोटो काढले अन् बायकोचा मोबाइलमधे एक नाही.

मग मला स्टूल आठवलं.

त्या पडद्यासमोर बसायला ती कधी हिरवं नेसली नाही. फोल्डर उघडलं. दिवसा-दिवसाचे वेगळे लावलेले होते, सगळ्यांत वर सगळ्यांत शेवटचा दिवस. त्या दिवसाचा पहिला उचलला. पाहिलाही नाही नीट. तेच नाव दिलं, त्याच जागी ठेवला, डोळा उघडला.

ती आली. अख्खी आली. स्टुलासकट आली. काठ विटलेलं तपकिरी लुगडं, पदर कमरेला खोचलेला, हात मांडीवर, अन् नजर कॅमेऱ्यात नाही, बाजूला. बाजूला मी दिवा सरकवत असलो पाहिजे. मागचा हिरवा पडदा बकरीनं साफ खाल्ला होता अन् तिच्यामागं आमचा मांडव होता, पांढरं कापड होतं, लोक होते. काम बरोबर चाललं का, हे पाहायला आपल्याच तेरवीत येऊन बसल्यासारखी दिसत होती.

"भोत मेहनती थी भाभी," चाचा म्हणाला अन् रुमाल काढला.

ताई पाण्याचा तांब्या घेऊन टेबलाजवळ आली अन् लॅपटॉप पाहून थबकली.

"हे काय लावलं रे? कामाचं लुगडं? तेरवीले?"

"राहू दे ताई."

"काढ ते."

"नाई काढत," मी म्हणालो. साठ वर्षांत तिला मी नाही म्हटल्याचं मला आठवत नाही. ती तांब्या ठेवून गेली.

मग मी फोटो नीट पाहिला. तोंड पिवळं होतं. रंग जुळवायची चाळीस वर्षांची सवय अशी की माझा हात आपोआप कॅमेऱ्याकडं गेला. उजेड पिवळा पडला असं वाटलं. पण महाराज पिवळे नव्हते. कापड पिवळं नव्हतं. फोल्डरात त्या दिवशीचे पाच फोटो ओळीनं होते, ते मी पाहिले. पहिल्यात ती पिवळी. दुसऱ्यात कमी. तिसऱ्यात आणखी कमी. पाचव्यात ठीक. प्रत्येक वेळी कॅमेऱ्याचा रंग थोडा थोडा फिरवून मी तिच्या तोंडावरचा पिवळेपणा काढून टाकला होता. तेव्हाचं बोलणंही मला आठवलं. मी म्हटलं होतं, "उजेड पिवळा पडून राह्यला वं." ती म्हणाली होती, "असंल." त्यानंतर पडद्यासमोर ती गोरी नवरी येऊन उभी राहिली अन् निळी झाली.

मी पहिला फोटो मोठा करून पाहिला. डोळ्यांचे पांढरे भागसुद्धा पिवळे होते. गळ्याची हाडं वर आलेली. अमरावतीच्या डॉक्टरनं विचारलं होतं, घरात कोणाच्या लक्षात आलं नाही? लक्षात आलं होतं. सगळ्यांत आधी माझ्याच आलं होतं. मी ते दुरुस्त केलं होतं.

खिशातला फोन चालूच होता, तो कानाला लावला.

"बाबा."

"हं."

"आई आली. पूर्ण आली."

"हो."

ती रडत होती, पण आवाज शांत होता. महाराज संपवत आले होते. वाढपी पत्रावळी काढून राहिले होते, त्याचा आवाज येत होता.

"कवाचा हाये हा फोटो?"

"मार्गशीर्षातला."

"मार्गशीर्षातला." ती मनात मोजत असावी. त्या वेळी तर तिच्या मायला काहीच झालेलं नव्हतं. तिला तसंच सांगितलेलं होतं. मलाही तसंच वाटत होतं.

"बाबा, आई पिवळी काहून दिसते? लाइट पिवळा होता काय?"

स्टुडिओत वाढलेली पोरगी आहे. शाळेतून आली की त्याच स्टुलावर बसून अभ्यास करायची. काय विचारावं हे तिला कळत होतं अन् उत्तरही तिनंच माझ्या हातात ठेवलं होतं. मी नुसतं हो म्हणायचं बाकी होतं. आठवा महिना. जावई मागं उभा असेल. हिनं खिडकीकडं पाठ करून दोन महिने जे लपवलं होतं, ते मी स्क्रीनवर लावून बसलो होतो. हो म्हटलं असतं तर हिचंही झाकलेलं राहिलं असतं अन् माझंही.

"लाइट बरोबर होता," मी म्हणालो.

तिनं फोन ठेवला नाही. मीही ठेवला नाही. महाराजांनी सगळ्यांना दोन मिनिटं उभं राहायला सांगितलं. मांडवातले लोक गुडघ्यांवर हात टेकत उठले. चाचाही उठला. फोनमधून तिचा श्वास येत होता, आधी भरभर, मग हळू.

"बाबा."

"काय?"

"काढू नका फोटो."

लोक बसले, मग पंगतीसाठी पुन्हा उठले. महाराजांची गादी उचलली. तसबिरीचा हार एका बाजूनं सुटला होता तो कोणीतरी बांधला. मुख्य कॅमेऱ्यात दाखवायला काहीच उरलं नाही, पांढरं कापड अन् रिकामी जागा. लाइव्ह अशा वेळी बंद करतात. मी बंद केलं नाही. पंगतीत बुंदी वाढायला लागले तेव्हा ताईनं मला जेवायला हाक मारली, मी मान हलवून नाही म्हटलं. चाचा खुर्चीवर बसून राहिला, त्यानंही पत्रावळ घेतली नाही.

शेवटपर्यंत ठेवा, असं पोरगी म्हणाली होती. पहिली पंगत उठली, दुसरी बसली, तीही उठली. फोन कानाला लावून लावून गरम झाला होता. कोपऱ्यात ती बाजूला पाहत बसली होती, मी दिवा सरकवायची वाट पाहत.